सूतिकागृहांतील दोन कागद

आपल्या समाजांत गर्भवतीच्या इच्छेला जो मान आहे, तो दुसऱ्या कोणाच्याहि इच्छेला क्वचितच मिळत असेल. तिला डोहाळे लागले कीं ते पुरवणें हें घरांतल्या सर्वांचें कर्तव्य होऊन बसतें. एरव्ही सुनेला काय आवडतें याची चौकशी न करणारी सासूहि त्या दिवसांत तिला मुद्दाम विचारते. आमच्या काव्यांनींहि हा मान मान्य केला आहे. 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गांत सुदक्षिणा राणी लाजेमुळें आपली आवड सांगत नाहीं, म्हणून राजा दिलीप तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारतो कीं हिला हवें तरी काय? परंतु त्याच काव्याच्या चौदाव्या सर्गांत दुसरी एक गर्भवती आहे. गंगातीरचीं तपोवनें पुन्हा पाहावीं असे सीतेला डोहाळे होतात, राम ते पुरवण्याचें वचन देतो, आणि पुढें लोकापवाद कानीं आल्यावर तीच इच्छा तिला वनांत नेऊन सोडण्याचें निमित्त ठरते. इच्छा विचारली गेली, वरवर पाहतां ती पुरवलीहि गेली. निर्णय मात्र तिला न विचारतांच झाला.

सुदक्षिणा आणि सीता या दोघींची आठवण आम्हांस अलीकडे एका घरगुती प्रसंगानें झाली. आमची एक भाची पुण्यास शिक्षिका आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं, या रीतीप्रमाणें ती हिंगणघाटास आली. डोहाळजेवण थाटांत झालें. फुलांची वाडी भरली, पांच जणींनीं ओटी भरली, आणि तिला काय हवें, काय नको, हें दिवसभर विचारण्यांत आलें. नववा महिना लागल्यावर तिनें एका कागदावर आठ कलमें लिहिलीं आणि गांवांतील एका खाजगी सूतिकागृहाच्या डॉक्टरीणबाईंच्या हातीं दिलीं. बाईंनीं कागद वरवर पाहिला, "बघूं पुढें" म्हणून त्याची घडी केली आणि तिच्या फाइलींत अगदीं मागें ठेवून दिला. त्याच फाइलींत दुसरा एक कागद होता. तें छापील संमतिपत्र. प्रसूतीच्या रात्रीं दीड वाजतां भाचीच्या यजमानांनीं उभ्याउभ्या, न वाचतां त्यावर सही केली.

पुढें सर्व कांहीं सुखरूप पार पडल्यावर हे दोन्ही कागद आम्हीं शेजारीं ठेवून वाचले. या पानांत पुस्तकांचें परीक्षण येतें. कागदांचें कां येऊं नये? ज्या लेखनावर घराघरांतील पहिल्या घटकेचें सुखदुःख अवलंबून असतें, तें कोणत्याहि कथासंग्रहाइतकेंच परीक्षणास पात्र आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम भाचीचा कागद घेऊं. इंग्रजींत ज्याला 'बर्थ प्लॅन' म्हणतात, त्या जातीचा हा लेख आहे. ही प्रथा अमेरिकेंतील. पेनी सिमकिन या प्रसूति-शिक्षिकेनें १९८० सालीं एका सहकारिणीसह ती प्रथम पुढें मांडली. कळा सुरू झाल्यावर स्त्रीला सविस्तर बोलण्याचें त्राण राहत नाहीं; तेव्हां तिला काय हवें तें आधींच लिहून ठेवावें, एवढीच त्यामागील साधी कल्पना. आपल्या भाषेंत अशा लेखास नांव नाहीं. 'इच्छापत्र' म्हणावें तर तो शब्द मृत्युपत्राला वाहिलेला आहे, आणि प्रसूतीच्या तोंडावर तो उच्चारण्यास कोणीहि धजणार नाहीं. म्हणून आम्ही त्यास नुसतें 'टिपण' म्हणतों. नांव नाहीं याचें कारण उघड आहे. आमच्याकडे डोहाळ्यांची मुदत कळा सुरू होईपर्यंतच असते. त्यापुढें बाळंतिणीला कांहीं इच्छा असूं शकते, हेंच आम्हीं कधीं धरून चाललेलों नाहीं.

टिपणांतील कलमें अशीं होतीं : प्रसूतीच्या वेळीं आई जवळ असावी, कळांमध्यें हिंडूंफिरूं द्यावें, गरजेशिवाय टांका पडेल असा छेद घेऊं नये, नाळ लगेच कापूं नये, बाळ पुसून लगेच छातीवर द्यावें, त्याला पहिल्या दिवशीं न्हाऊं घालूं नये, वरचें दूध देऊं नये, आणि त्याला सुई टोचूं नये. आठांपैकीं एकहि कलम पाळलें गेलें नाहीं. आई दाराबाहेर बसून राहिली. मूल दुसऱ्या खोलींत नेलें गेलें, न्हाऊं घातलें गेलें, गुंडाळलें गेलें, आणि सुमारें तीन तासांनीं आईच्या कुशींत आलें. मधल्या वेळांत त्याच्या पोटांत पुडीचें दूध गेलेलें होतें.

येथपर्यंत वाचून वाचक रुग्णालयावर रागावतील. त्यांनीं अंमळ थांबावें. रुग्णालयाच्या नेमाला जो अधिकार आला आहे तो फुकटांत आलेला नाहीं. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असतां त्यांचें पहिलें मूल दहा दिवसांत गेलें. त्या दुःखांतून त्या सातासमुद्रापलीकडे गेल्या, आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं पदवीसाठीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. त्या काळीं नाळ कोठें विळ्यानें, कोठें दगडावर ठेचून तोडली जाई, वर राख किंवा शेण लावलें जाई, आणि धनुर्वात पहिल्या पंधरवड्यांतच मूल घेऊन जाई. पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा एवढ्या धाकानें कां होत असे, हें यावरून समजतें. हा नवजातांचा धनुर्वात भारतांतून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निघाला असें २०१५ सालीं जाहीर झालें. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील सुमारें एकचतुर्थांश बाळंतपणेंच रुग्णालयांत होत होतीं. २०१९-२१ च्या पाहणींत तें प्रमाण शेंकडा ८८.६ झालें. महाराष्ट्रांत २०१८-२० या काळांत एक लाख जिवंत जन्मांमागें ३३ माता दगावल्या. संपूर्ण देशाचा आंकडा ९७ होता. हे आंकडे ज्या परिचारिकांनीं आणि डॉक्टरांनीं रात्रीचा दिवस करून खालीं आणले, त्यांच्यावर तोंडसुख घेणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु रुग्णालयाचा सगळा नेम एकाच योग्यतेचा असतो असेंहि नाहीं. कांहीं नेम विज्ञानानें घालून दिलेले असतात, कांहीं सोयीनें. १८४७ सालीं व्हिएन्नांत झेमेलवाइस यानें प्रसूतीपूर्वीं हात धुण्याचा नेम घातला आणि सूतिकाज्वरानें मरणाऱ्या शेंकडों स्त्रिया वांचल्या. हा नेम विज्ञानाचा. पण तो रुग्णालयाच्या सोयीच्या विरुद्ध होता, आणि म्हणूनच त्या काळच्या मोठमोठ्या डॉक्टरांनीं त्यास विरोध केला, हें विसरूं नये. मूल दुसऱ्या खोलींत नेणें हा नेम मात्र सोयीचा. एका परिचारिकेस दहा मुलें एका रांगेंत सांभाळणें सोपें जातें, एवढाच त्याचा आधार.

आतां टिपणांतील कलमें या कसोटीवर लावून पाहूं. नाळ निदान एक मिनिट कापूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनेंच सांगितलें आहे. त्या अवधींत वारेंतील रक्त मुलाकडे जातें आणि पुढील कित्येक महिने त्याच्या अंगीं लोहाची तूट पडत नाहीं. मूल पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवावें, तासाच्या आंत अंगावर पाजावें, आणि चोवीस तास न्हाऊं घालूं नये, हेंहि तिनेंच सांगितलें आहे. जन्मतः अंगावर जो पांढरा, मेणचट लेप असतो त्याला आमच्या घरांतून मळ समजतात. वास्तविक तो त्वचेचें रक्षण करतो, आणि ओलें मूल विदर्भाच्या उन्हाळ्यांतहि गारठूं शकतें. नित्याचा छेद नको, कळांमध्यें हालचालीस मोकळीक असावी, स्त्रीच्या पसंतीची सोबतीण जवळ असावी, हीं कलमें त्या संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत आहेत. आपल्या केंद्र सरकारनें सरकारी रुग्णालयांत अशी सोबतीण ठेवण्यास २०१६ सालींच अनुमति दिली; स्तनपानासाठीं 'मा' नांवाचा कार्यक्रम त्याच वर्षीं, आणि प्रसूतिगृहांच्या सुधारणेसाठीं 'लक्ष्य' नांवाची योजना २०१७ सालीं निघाली. पुडीच्या दुधाच्या जाहिरातीस आणि फुकट वाटपास बंदी करणारा कायदा तर १९९२ चा आहे.

म्हणजे आठांपैकीं सात कलमांत भाचीनें जें मागितलें तें रुग्णालयाच्या शास्त्रांत आधींच लिहिलेलें होतें. सामान्यतः हा झगडा आईची भावना आणि डॉक्टरांचें ज्ञान यांमधील म्हणून सांगितला जातो. तसा तो नाहीं. तो रुग्णालयाचें पुस्तक आणि रुग्णालयाची संवय यांमधील झगडा आहे, आणि आई बहुधा पुस्तकाच्या बाजूनें उभी असते. २०१९-२१ च्या ज्या पाहणींत शेंकडा ८८.६ बाळंतपणें रुग्णालयांत झालेलीं दिसतात, त्याच पाहणींत जन्मानंतर तासाच्या आंत अंगावर पाजलेलीं मुलें शेंकडा ४१.८ च आहेत. स्त्रिया रुग्णालयांत आल्या, परंतु रुग्णालयाचें शास्त्र त्यांच्या खाटेपर्यंत पोंचलें नाहीं, असाच या दोन आंकड्यांचा अर्थ आहे.

दुबळ्या मुलांना तरी दूर ठेवणें भागच आहे, असें कोणी म्हणेल. २०२१ सालीं भारतासह पांच देशांतील एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एक ते पावणेदोन किलो वजनाच्या आसपासचीं मुलें जन्मतांच आईच्या छातीशीं ठेवलीं तेव्हां पहिल्या अठ्ठावीस दिवसांत शेंकडा १२ दगावलीं. आधीं स्थिर होईपर्यंत वेगळीं ठेवलेल्यांपैकीं शेंकडा १५.७. अतिदक्षतेच्या खोलींतहि आईची जागा असली पाहिजे, हें आतां दयेचें बोलणें राहिलें नसून शास्त्राचें झालें आहे.

राहिलें आठवें कलम : सुई नको. येथें आमची भाची चुकली, आणि साफ चुकली. नवजाताच्या अंगीं 'के' जीवनसत्त्वाचा सांठा नसल्यासारखाच असतो. तें वारेंतून फारसें येत नाहीं आणि आईच्या दुधांतहि थोडेंच असतें. त्यामुळें धडधाकट दिसणाऱ्या मुलाच्याहि मेंदूंत पहिल्या आठवड्यांत, कधीं कधीं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांतहि, रक्तस्राव होऊं शकतो. एक मिलिग्रामची एक सुई तो टाळते. आपल्या सरकारनें २०१४ सालीं तिच्याविषयीं सूचना काढल्या आहेत. चोवीस तासांच्या आंतील काविळीच्या लशीचेंहि तसेंच. जें संकट दिसत नाहीं त्याची भीति वाटत नाहीं, आणि सुई मात्र दिसते, एवढेंच या कलमाचें मूळ.

परंतु याच कलमापाशीं एक लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट घडली. भाचीनें सुईस नकार दिल्याचें कळतांच डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, खाटेशीं स्टूल ओढून बसल्या, आणि दहा मिनिटें त्यांनीं वरील सर्व हकीकत साध्या मराठींत सांगितली. भाचीनें दोन प्रश्न विचारले, उत्तरें ऐकलीं आणि "द्या" म्हणाली. तिच्या मुक्कामांत कोणी कारण सांगितलें असा हा एकच प्रसंग. आणि तो एकच तिनें आपलें मत बदलल्याचा. जेथें नेमाला कारण होतें तेथें कारण सांगितलें गेलें; जेथें नव्हतें तेथें "आमच्याकडे असेंच असतें" एवढेंच सांगितलें गेलें.

न्यायासाठीं घरच्यांचेंहि सांगितलें पाहिजे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरांतील वृद्ध आजी मधाची बाटली पदराआड घेऊन आल्या. "लेकराले आंधी मध चाटवा, मंग दूध," असा त्यांचा आग्रह. त्यांच्या पाठीशीं परंपरा थोडीथोडकी नाहीं. सुश्रुताच्या जातकर्मांतहि मध, तूप आणि सुवर्ण आहे. परंतु मधांतील जंतुबीजांपासून तान्ह्या मुलाला घातक विषबाधा होऊं शकते, म्हणून वर्षाच्या आंत मध देऊं नये, हें आतां कळलें आहे. एका तरुण परिचारिकेनें आजींचा हात हळूच धरला आणि बाटली परत पदराआड गेली. याच घरांत आईचा चीक मुलाला जड म्हणून पिळून टाकावा असाहि सल्ला निघाला होता. गाईच्या चिकाचा खरवस करून वाटीवाटीनें खाणाऱ्या घरानें माणसाच्या चिकाला टाकाऊ म्हणावें, याचा उलगडा आम्हांस कधींच झाला नाहीं. तेव्हां घर म्हणजे प्रेम आणि रुग्णालय म्हणजे जुलूम, अशी सोपी वांटणी करतां येत नाहीं. अडाणीपणा दोन्हीकडे आहे, शहाणपणहि दोन्हीकडे आहे.

आतां लेखन म्हणून या कागदांकडे पाहूं. भाचीच्या टिपणाचा मोठा दोष असा कीं, त्यांत 'नको' फार आणि 'जर' एकहि नाहीं. मूल आडवें आलें तर? शस्त्रक्रिया करावी लागली तर? आपण शुद्धीवर नसलों तर आपल्या वतीनें कोणीं बोलावें? खरें पाहतां टिपणाची गरज अशाच वेळीं सर्वांत अधिक. देशांतील खाजगी रुग्णालयांत शेंकडा ४७.४ प्रसूति शस्त्रक्रियेनें होत असल्याचें तीच पाहणी सांगते. एवढा संभव असतां त्याचा उल्लेखहि नसणें, हें टिपण परक्या नमुन्यावरून उतरल्याचें लक्षण आहे. शस्त्रक्रियेनंतरहि मूल छातीशीं देतां येतें, हें तिनें लिहिलें असतें तर टिपण अधिक उपयोगी झालें असतें.

संमतिपत्राचा दोष याहून गंभीर आहे. त्यांत वाक्यें लांब, अक्षर बारीक, आणि कर्ता कोठेंच नाहीं. 'आवश्यक ते सर्व उपचार करण्यांत येतील.' कोण करील, कोणत्या कारणानें, आणि कोणास विचारून, याचा पत्ता नाहीं. शेवटीं मात्र कर्ता एकाएकीं प्रकट होतो : 'होणाऱ्या परिणामांची सर्व जबाबदारी आमची राहील.' हा 'आम्ही' म्हणजे रुग्णाचे नातेवाईक. जिच्या देहावर उपचार व्हावयाचे तिची सही त्यावर नाहीं; तिच्यासाठीं रकानाहि नाहीं. २००८ सालीं समीरा कोहली यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, संमति खरी व्हावयाची तर ती समजून दिलेली पाहिजे, आणि प्रौढ, शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या संमतीची जागा दुसऱ्या कोणाची संमति घेऊं शकत नाहीं. त्या निर्णयापुढें हा छापील कागद लेखन म्हणून पडतो, आणि कायदा म्हणूनहि लंगडा पडतो.

या बाबतींत आम्हीं दूर कोठें धडे घेण्यास जावें असेंहि नाहीं. ज्या वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम आहे, तेथें राहून गेलेल्या महात्म्यानें आपल्या आत्मकथेंत लिहून ठेवलें आहे कीं, १९०० सालीं दर्बानमध्यें धाकट्या मुलाच्या जन्मवेळीं डॉक्टर मिळाला नाहीं, सुईण आणण्यांत वेळ गेला, आणि प्रसूति त्यांना स्वतःच करावी लागली. त्यांनीं त्यासाठीं डॉ. त्रिभुवनदासांचें गुजराती पुस्तक आधींच लक्षपूर्वक वाचलें होतें, म्हणून ते घाबरले नाहींत. प्रसंग येण्यापूर्वीं वाचावें, समजून घ्यावें, हा त्यांतील बोध. विदर्भांतच गडचिरोलीस डॉ. अभय व राणी बंग यांनीं १९९५ नंतर एकूणचाळीस खेड्यांत गांवच्याच स्त्रियांना नवजातांची देखभाल शिकवली. मुलाला ऊब देणें, अंगावर पाजवणें, वजन घेणें, जंतुदोषाचीं लक्षणें ओळखून औषध देणें, हें त्या झोपडींत जाऊन, आईच्या शेजारीं बसून करीत. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजातांचे मृत्यु, तुलनेसाठीं घेतलेल्या खेड्यांच्या मानानें, शेंकडा ६२ नीं उतरले. हा वृत्तांत १९९९ सालीं 'लान्सेट'मध्यें छापून आला. शास्त्र कडक ठेवूनहि आईला बाहेर काढावें लागत नाहीं, याला याहून जवळचा पुरावा कोणता हवा?

हिंगणघाट हें कापसाचें गांव. येथील बाजारांत शेतकरी गाडी घेऊन येतो तेव्हां व्यापारी मूठभर कापूस ओढून धाग्याची लांबी पाहतो, भाव सांगतो, वजन करतो. आणि हें सर्व होईपर्यंत शेतकरी गाडीजवळून हलत नाहीं. व्यापाऱ्याला धाग्याचें ज्ञान अधिक आहे, हें त्यालाहि मान्य असतें. तरी माल त्याचा आहे, म्हणून तो पाहत उभा राहतो, आणि कोणी त्याला बाजूला हो म्हणत नाहीं. वणेच्या कांठच्या याच गांवांत नऊ महिने पोटांत वाढवलेल्या मुलाचें वजन मात्र आईच्या दृष्टीआड होतें.

आमची सूचना मोठी नाहीं. प्रत्येक सूतिकागृहानें आठव्या महिन्यांत अर्धा तास काढावा. डॉक्टर आणि गर्भवती यांनीं समोरासमोर बसून एकच कागद मिळून लिहावा. ज्या नेमाला कारण आहे त्याचें कारण त्यांत असावें, ज्याला नाहीं तो नेम खोडावा. आणि खालीं तिची सही असावी. खाटा कमी, परिचारिका थोड्या, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु मूल पुसून छातीवर ठेवण्यास, तें नेऊन धुऊन गुंडाळण्यापेक्षां माणूस कमीच लागतें.

भाची आतां पुण्यास परत गेली आहे. मूल गुटगुटीत आहे. तीन तासांच्या वियोगाची खूण त्याच्यावर कोठेंहि दिसत नाहीं. ती खूण आईवर आहे. परवां तिनें विचारलें, "मामा, त्या तीन तासांत तो रडला असेल का हो?" याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. तें त्या दोन कागदांतहि सांपडलें नाहीं.